डिकी उघडून दाखवणारा माणूस

समोसा मी आजही आधी मधून मोडते, आत बघते आणि मगच तोंडात घालते. नवरा हसतो. मुलगी विचारते, "आई, त्यात काही असतं का?" काही नसतं, बटाटाच असतो. ही देवकर सरांची सवय. माणूस मनातून उतरून वर्ष होऊन गेलं, सवय मात्र हाताला चिकटून बसली आहे, आणि मला तिचा मनापासून राग येतो.

चिंचवड स्टेशनजवळच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सर माझे वरिष्ठ होते. कंपनी म्हणजे एका बँकेच्या वरच्या तीन खोल्या, एक मालक आणि आम्ही चौदा जण. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमधून सुटे भाग जातात आणि प्रत्येक मालाबरोबर कागद जातात. ड्रॉइंग, तपासणीचा तक्ता, लॅबचा रिपोर्ट. पूर्वी हे कागद टेम्पोवाल्याच्या खिशातून जायचे आणि घामानं भिजून पोचायचे. आम्ही त्यासाठी एक पोर्टल बनवलं होतं. वर्कशॉपवाल्यानं फाईल अपलोड करायची, कारखान्यानं ती उघडून बघायची. एवढंसं काम, त्याला कशाला कोणी वरिष्ठ लागतो, असं मला पहिल्या दिवशी वाटलं होतं.

सर कॉलेजातून संगणक शिकून आलेले नव्हते. मूळचे मावळातल्या एका खेड्याचे. बारावी झाल्यावर भोसरीतल्या एका कारखान्याच्या गेटवर, आवक विभागात लागले. आलेल्या मालाचं चलन बघायचं, खोकी उघडायची, मोजायची, वहीत चढवायची. तिथं त्यांनी बारा वर्षं काढली. कारखान्यात संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून यांनी लावला. मग संध्याकाळी चिंचवडात क्लास केले आणि चाळिशीला टेकता टेकता प्रोग्रामर झाले. राहायला पिंपळे गुरवला. पांढरा शर्ट, जुनी स्कूटर, आणि खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी. त्या पट्टीनं ते माझ्या स्क्रीनवर टकटक करत. चूक असेल त्या ओळीवर दोनदा, मोठी चूक असेल तर तीनदा.

ऑफिसात त्यांचं बोलणं अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. पण चिडले किंवा रंगात आले की गाव बाहेर पडायचं. "आमी", "न्हाई", "व्हय" सुरू झालं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. सर आता मनातलं बोलतायत, हे त्यावरून कळायचं.

फाईल अपलोडचं काम मी पहिल्या दुपारीच उरकलं होतं आणि स्वतःवर खूश होते. सर मागे येऊन उभे राहिले.

"आलेली फाईल ठेवतेस कुठे?"

"फोल्डरमध्ये. पोर्टलच्याच."

"कोणत्या नावानं?"

"ज्या नावानं आली त्याच."

"आणि ती फोटोच आहे, हे कशावरून?"

"नावात 'जेपीजी' आहे ना, सर."

पट्टी तीनदा वाजली. सर आपल्या जागेवर गेले, काहीतरी टाइप केलं, आणि आमच्याच पोर्टलवर एक फोटो अपलोड केला. दोन मिनिटांत पोर्टलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आलं: "सुजाता, गेट उघडं आहे. मी आत आलोय." नावात कुठंतरी 'जेपीजी' दिसलं की मी फाईल घेत होते. सरांनी त्या नावाच्या शेवटी आणखी एक शेपूट जोडलं होतं. आत फोटो नव्हताच, छोटासा प्रोग्राम होता, आणि आमच्या सर्व्हरनं तो इमानेइतबारे चालवला होता.

"चलनावर बेअरिंग लिहिलंय म्हणून खोक्यात बेअरिंगच असतं असं न्हाई," सर म्हणाले. "आमी गेटवर खोकं उघडायचो. नाव बघून माल घ्यायचा असता तर गेट कशाला पायजे?"

पुढचे दोन महिने त्यांनी माझ्याकडून ते एवढंसं काम पाच वेळा लिहून घेतलं. बाहेरून आलेली फाईल आधी वेगळ्या जागी उतरवायची, जिथून ती चालूच शकत नाही आणि बाहेरून कोणाला दिसतही नाही. आकार बघायचा. नावावर न जाता आतली पहिली अक्षरं वाचून ती खरंच काय आहे ते ठरवायचं. व्हायरसची तपासणी करायची. संशय आला तर 'लाल चौकट' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची. कारखान्यात नाकारलेला माल ठेवायला जमिनीवर लाल रंगानं चौकट आखतात, तिथून हे नाव आलं होतं. आणि आत घेतलीच, तर तिला आपला नंबर द्यायचा. यायचं नाव फक्त वहीत.

शेवटी ठसा. फाईलमधल्या मजकुरावर गणित करून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढता येते. फाईलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी ती ओळ बदलते. सर तिला बोटाचा ठसा म्हणत. फाईल आली त्या क्षणी तिचा ठसा घेऊन वेगळ्या नोंदीत ठेवायचा. त्या नोंदीला सरांनी नाव दिलं होतं 'आवक वही', आणि तिच्यात खाडाखोड करायची नाही असा नियम होता. स्वतः सरांनीसुद्धा.

हे नुसतं कामापुरतं नव्हतं. लग्नपत्रिका आली की पाकीट उजेडात धरून बघणार. भाजीवालीकडची कोबी उलटी करून बघणार. समोसा मोडून बघणार. आम्ही त्यांची टर उडवायचो, तर म्हणायचे, "नाव समोसा आहे, आतलं कोणी पाहिलंय?" चाकणला एखाद्या कारखान्यात काम असलं की मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून जायची. गेटवर पोचलो की गार्डनं सांगायच्या आधी हे उतरून स्कूटरची डिकी उघडून उभे. आत काय, तर एक पुसायचं फडकं आणि पाण्याची बाटली. गार्ड कंटाळून हात हलवायचा, जा म्हणायचा. "अरे बघ तर खरं," सर म्हणायचे. तो वाकून बघेपर्यंत हे डिकी लावायचे नाहीत.

एकदा मालकांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक, म्हणजे चाकणच्या एका कारखान्याचे खरेदीचे साहेब, ऑफिसात आले होते. पोर्टल कसं चालतं ते दाखवताना त्यांनी स्वतःची एक फाईल टाकली. ती लाल चौकटीत गेली. साहेबांचा चेहरा पडला. "अहो, गिऱ्हाईक आहे मी. माझ्यासाठी तरी उघडा." मालक माझ्याकडे बघायला लागले, मी सरांकडे.

"साहेबांची गाडी असली तरी डिकी उघडायची असते, साहेब," सर म्हणाले. "न्हाई तर मग बाकीच्यांची का उघडायची?"

मालकांनी कपाळावर हात मारला. साहेब मात्र थोडं थांबून मोठ्यानं हसले, आणि त्या फाईलमध्ये खरंच व्हायरस निघाला. त्या दिवशी मी मनातल्या मनात या माणसाला गुरू मानलं. घरी जाऊन पप्पांना सांगितलं. माझ्या पप्पांनी पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं नोकरी केली, आणि तीस वर्षं रोज सुटताना गेटवर त्यांचा डबा उघडून बघितला गेला. मला वाटलं, त्यांना आवडेल. ते म्हणाले, "गेटवाल्याचं एवढं कौतुक नको करूस. तो सगळ्यांची पिशवी बघतो. त्याची कोण बघतं?" मला राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही.

आता मुलाणीचाचांबद्दल सांगायला हवं. ते नसते तर सर माझ्या मनात होते तिथंच राहिले असते.

मुलाणीचाचा भोसरीचेच, पिढ्यान्‌पिढ्यांचे. एमआयडीसीत त्यांचं चार लेथ मशीनचं वर्कशॉप. चाकणच्या त्याच कारखान्यातून स्टीलचे बार यायचे, चाचा त्यांच्या पिना बनवून परत पाठवायचे. प्रत्येक लॉटमधल्या बारचा तुकडा लॅबमध्ये नेऊन त्याचा कडकपणा तपासायचा आणि तो रिपोर्ट पोर्टलवर टाकायचा, असा नियम होता. पोर्टल वापरायला त्यांना मी शिकवलं होतं, त्यांच्या वर्कशॉपमध्ये एका उलट्या ड्रमवर बसून. चाचा पन्नाशीच्या पुढचे. माऊस धरताना त्यांना घाम फुटायचा, पण एकदा शिकल्यावर विसरले नाहीत.

त्यांची अडचण वेगळीच होती, आणि ती भोसरीतल्या निम्म्या वर्कशॉपची होती. लॅबमधलं स्कॅन करणारं यंत्र प्रत्येक रिपोर्टला एकच नाव द्यायचं, 'स्कॅन०००१'. नाव बदलायची तसदी कोणी घेत नसे. चाचांच्या मोबाइलमध्ये दीड वर्षाचे रिपोर्ट होते, सगळे 'स्कॅन०००१'. एकदा त्यांनी मागच्याच महिन्याचा रिपोर्ट पुन्हा टाकला. तेव्हा सर म्हणाले, "नावावरून कळणार नाही, ठशावरून कळेल. एकच ठसा दुसऱ्यांदा आला तर गेटवरच थांबव." ती अट मी लिहिली. वाक्य सरांनी दिलं, लाल अक्षरांत: "हा माल आधी आलेला आहे. आत घेता येणार नाही." या वाक्यानं अडवलेले पहिले गृहस्थ म्हणजे मुलाणीचाचा. ते इतके हसले होते की त्यांनी त्याचा फोटो काढून वर्कशॉपमधल्या सगळ्यांना दाखवला. नंतर कितीतरी दिवस दुपारी कोणी दुसऱ्यांदा चहा मागितला की तिथं हेच वाक्य ऐकू यायचं.

मागच्या वर्षी एक दिवस सरांनी मला बोलावलं. चाचांच्या एका लॉटच्या पिना चाकणला जुळणीच्या लाइनवर वाकल्या होत्या. कारखान्यानं पोर्टलवरचा रिपोर्ट उघडला, तर तो त्या लॉटचा नव्हताच, आधीच्या महिन्याचा होता. म्हणजे चाचांनी बार तपासलेच नाहीत आणि जुना कागद चिकटवून दिला, असा अर्थ निघाला. त्यांचं नाव काळ्या यादीत गेलं. त्यांच्याकडं दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

"चाचा म्हणतायत, मी दुसरा रिपोर्ट टाकला होता," सर म्हणाले. "तू फोन कर. त्यांना समजावून सांग. तुझं ते ऐकतील."

मी फोन केला. चाचा म्हणाले, "मॅडम, त्यो बारच मऊ हुता. रिपोर्टात नापास आलं हुतं. मी त्योच टाकला आन् खरेदीच्या सायबांना फोनबी केला. ते म्हणले, लाइन थांबलीय, चालवून घ्या."

मी म्हणाले, "चाचा, सिस्टीम खोटं बोलत नाही. तुमच्या सगळ्या फाईलींची नावं एकच असतात. चुकून जुनी निवडली गेली असेल."

पलीकडे मशीनचा आवाज चालू होता.

"तुमी म्हणताय म्हंजी तसंच आसंल," चाचा म्हणाले. "माझंच चुकलं आसंल."

मी फोन ठेवला आणि सरांना सांगितलं, पटलं त्यांना. सर "बरं" म्हणाले आणि काम करत राहिले. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टीपेक्षा चाचांनी माझ्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला. माझा शब्द मात्र माझा नव्हताच, तो सरांचा होता. त्या वेळी मला एवढं काही सुचलं नाही. उलट एक किचकट तक्रार चुटकीसरशी मिटवली म्हणून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

चार दिवसांनी दुपारच्या चहाच्या वेळी चाचा ऑफिसात आले. शेअर रिक्षानं, इस्त्रीचा शर्ट घालून. सर बाहेर गेलेले होते. चाचांनी भांडण काढलं नाही. मोबाइल पुढे करून म्हणाले, "ही बघा ती फाईल, मॅडम, नापासाची. माझ्याकडं हाय. पर तुमी म्हणता तर टाकायला चुकलो आसंन. फकस्त एकच इचारायचं हुतं."

"विचारा ना."

"मागं मी जुनी फाईल टाकली तवा ती लाल अक्षरं आली हुती. आवंदा का न्हाई आली?"

आधीच्या महिन्याचा रिपोर्ट दुसऱ्यांदा टाकला असता तर गेटनं तो अडवलाच असता. अट मी स्वतः लिहिली होती. मला हे फोनवरच सुचायला हवं होतं. ज्यांना माऊस धरताना घाम फुटायचा त्यांना ते सुचलं, मला नाही, कारण मी विचार करणं सरांवर सोपवून बसले होते.

मी आवक वही उघडली. त्या लॉटची फाईल आली तेव्हाचा ठसा काढला. मग पोर्टलवर आत्ता असलेल्या फाईलचा ठसा काढला. दोन्ही वेगळे. मग चाचांच्या मोबाइलमधल्या फाईलचा काढला. तो वहीतल्या ठशाशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला. चाचांनी खरी फाईल टाकली होती. ती आत आल्यावर कोणीतरी उचलून तिच्या जागी जुनी ठेवली होती. सर्व्हरवर हात घालून असं करण्याची किल्ली ऑफिसात दोघांकडंच होती, मालक आणि सर. त्यातल्या मालकांना फाईल कॉपीसुद्धा नीट करता येत नाही.

मी चाचांना ठशांचं सांगितलं नाही. त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडलं आणि परत येऊन सरांची वाट बघत बसले.

सर आले. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. तिन्ही ओळी एकाखाली एक. त्यांनी पट्टी काढली नाही, टकटक केली नाही. खुर्ची ओढून बसले.

"कोणाला सांगितलंस?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"कोणाला नाही. सर, हे तुम्ही केलंत?"

"सुजाता, व्यवसायात काही वेळा व्यापक हिताचा विचार करावा लागतो. तो रिपोर्ट राहिला असता तर खरेदी विभाग अडचणीत आला असता. ते गिऱ्हाईक गेलं, तर आपल्या चौदा जणांच्या नोकऱ्या जातील. एका वर्कशॉपचा प्रश्न आहे. त्यांना दुसरीकडे काम मिळेल."

एकही "आमी" नाही, एकही "न्हाई" नाही. सगळं स्वच्छ, पुस्तकी. त्या बोलण्यावरूनच मला कळलं की यातलं काहीही त्यांच्या मनातलं नाही, कोणीतरी त्यांच्या हातात दिलेलं आहे.

"वहीतला ठसा का नाही बदललात?"

"राहून गेलं."

माझा नवरा म्हणतो, त्यांनी तो मुद्दाम ठेवला असेल, कोणीतरी शोधावं म्हणून. मी ते मानत नाही. मुद्दाम ठेवायचा असता तर त्यांनी मला फोन करायला लावलं नसतं. मी तेही विचारलं.

"मला का लावलंत फोन करायला? तुम्ही का नाही केलात?"

ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलले. "माझं त्यांनी ऐकलं नसतं. तुझं ऐकलं."

मला इतकं कशानंच लागलं नाही. सर्व्हरवरची फाईल बदलली ती बदलली. पण त्या फाईलवर विश्वास बसावा म्हणून त्यांनी मला वापरलं. पाच वेळा लिहून घेऊन, पट्टी वाजवून, स्कूटरवरून हिंडवून त्यांनी माझ्यात जे तयार केलं होतं, ते नेमकं याच कामाला आलं. माझी फसवणूक झाली, एवढंच असतं तर मी रडून मोकळी झाले असते. माझ्या तोंडून दुसऱ्याची झाली, ते पचत नाही. आजही पचत नाही.

मी मालकांकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं आणि "विषय वाढवू नकोस" म्हणाले. मी आवक वहीतलं ते पान छापून घेतलं आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. महिन्याभरात सरही गेले. चाकणला, त्याच कारखान्यात, संगणक विभागाचे प्रमुख म्हणून. ज्या चौदा जणांसाठी त्यांनी हे केलं होतं, ते आता बाराच उरले होते.

मी भोसरीला जाऊन चाचांना सगळं सांगितलं. त्यांच्या चार मशीनपैकी तीन ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या, माणसं दुसरीकडे गेली होती. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी बसा आधी." मग ड्रम उलटा करून दिला. कारखान्याकडे दाद मागायची तर तीन महिन्यांच्या आत मागावी लागते, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. "पर ते ठशाचं मला बोलता येत न्हाई. तुमी येताल का?"

आम्ही गेलो. गेटवर गार्डनं माझी पर्स पूर्ण उलटी केली. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावला. पेनड्राइव्ह आत नेता येत नाही म्हणून काढून घेतला आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. चाचांनी कागदाची पिशवी छातीशी धरली होती, तीही बघितली. मला वाईट वाटलं नाही. ते त्याचं कामच होतं.

समोर गुणवत्ता विभागाच्या मॅडम बसल्या होत्या, पिकलेले केस, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या बाजूला देवकर सर. खरेदीचे साहेब बाहेरगावी गेले होते, असं सांगण्यात आलं. मी कागद मांडले, ठसा म्हणजे काय ते सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि सरांकडे वळल्या.

"देवकर, हे तुम्हीच बनवलंय ना? भरवशाचं आहे?"

मला वाटलं, आता तरी गप्प बसतील. सर म्हणाले, "मॅडम, ती जुनी प्रणाली आहे. अशा नोंदींमध्ये तांत्रिक त्रुटी राहू शकतात. तिच्या आधारे निर्णय घेणं उचित ठरणार नाही."

आपणच उभी केलेली वस्तू हा माणूस आपल्याच तोंडानं मोडीत काढत होता. तेवढ्यात चाचांनी घसा साफ केला.

"मॅडम, एक करता का? माझ्या खात्यात त्या आदल्या म्हयन्याची जुनी फाईल आत्ता टाकून बघा की. तुमच्याच हातानं."

मॅडमनी चाचांचं खातं उघडलं. जुना रिपोर्ट आधी पोर्टलवरून उतरवून घेतला आणि नवीन लॉटसाठी अपलोड केला. भिंतीवरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "हा माल आधी आलेला आहे. आत घेता येणार नाही." मग सावकाश पुन्हा एकदा वाचली.

"मग यांनी ती टाकली कशी?" त्या म्हणाल्या. "देवकर, ही अट कधीपासून आहे?"

सरांनी खिशातली पट्टी काढली, टेबलाच्या कडेला समांतर ठेवली. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "अट आधीपासून हाय. व्हय. तवाबी हुती."

मॅडमनी आमच्यासमोरच कागदावर लिहिलं की रिपोर्ट आत आल्यानंतर बदलला गेला आहे, वर्कशॉपची चूक नाही, आणि खाली सही केली. चाचांनी ते तीनदा वाचलं आणि पिशवीत ठेवलं. काम दोन आठवड्यांनी सुरू झालं. आता त्यांच्या तीन मशीन चालतात, चौथीला माणूस मिळाला नाही.

सरांचं ते "व्हय" ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पडद्यानं आधीच सगळं सांगून टाकलं होतं. त्यानंतर खरं बोलायला काय लागतं?

बाहेर पडायला संध्याकाळ झाली, जनरल शिफ्ट सुटत होती. मी चिठ्ठी देऊन पेनड्राइव्ह परत घेत होते. गार्ड चिठ्ठीवरचा नंबर पुन्हापुन्हा पडताळून बघत होता. मागे कामगारांची रांग लागली होती, एकेकाचा डबा उघडून बघणं चाललं होतं. एवढ्यात आतून एक पांढरी गाडी आली, काचेवर अधिकाऱ्यांचा स्टिकर असलेली. देवकर सर स्वतः चालवत होते. आम्ही दोन हातांवर उभे होतो, पण ते समोर बघत होते. गाडी गेटच्या आडव्या दांड्याजवळ थांबली आणि मागची डिकी खट् करून उघडली. कोणी सांगितलं नव्हतं. आतून त्यांनीच उघडली होती.

गार्ड धावत मागे गेला. "अहो साहेब, राहू द्या," म्हणाला, आत न बघताच डिकी दाबून बंद केली आणि सलाम ठोकला. दांडा वर गेला आणि सर निघून गेले.